दहा स्क्रू सांगितले होते, दोनांवर भागलं: आत्यांच्या खालच्या कवळीची केस

सासूबाईंना घरात आम्ही सगळे आत्याच म्हणतो. वय ६५. आता राहायला जुळे सोलापूरला आहोत पण त्यांचं आयुष्य गेलं पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागं, तिथं पंचवीस-तीस वर्षं त्यांनी घरी बसून विड्या वळल्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि त्या तंबाखूबरोबर मिसरी लागली ती कायमचीच. मी आणि मिस्टर मेडिकल चालवतो. म्हणजे औषधं हे माझं रोजचं काम, आणि तरी आत्यांच्या दातांच्या बाबतीत जे घडलं त्यातलं निम्मं मला आधी माहीत नव्हतं. म्हणून फाईल समोर ठेवून पहिल्यापासून सगळं लिहून काढतेय, ज्यांच्या घरात कवळीवाली म्हातारी माणसं आहेत त्यांनी तरी वाचावं.

आत्यांचे दात किडले नव्हते. पायरियानं गेले. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, मिसरी लावली की बरं वाटायचं म्हणून अजून लावायची, आणि दात मुळापासून हलायला लागले. एकेक करत २०१५ पर्यंत सगळे काढून झाले आणि त्याच वर्षी वरची-खालची पूर्ण कवळी केली. वरची छान बसली. खालची एक दिवससुद्धा धड बसली नाही. तीनदा घासून आणली, एकदा नवीन केली, पावडर लावून बघितली, काही उपयोग नाही. आम्हाला वाटायचं बनवणाऱ्यानं बिघडवली.

पुढं कळलं की तसं नव्हतं. वरच्या कवळीला टाळू मिळतो, सगळा टाळू झाकून ती ओढून धरल्यासारखी चिकटते. खाली टाळूच नाही. खाली घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी, मध्ये जीभ, बाहेरून गाल आणि ओठ, सगळे तिला ढकलणारे. टेकायला जागा वरच्यापेक्षा साधारण निम्मी. आणि त्यात हाड झिजतं. दात असतो तोवर त्याच्या मुळाभोवतीचं हाड कामाला असतं, दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरघळल्यासारखं कमी होत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, नंतर हळूहळू पण थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांमध्ये खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं असं वर्षानुवर्षं लोकांचे एक्सरे बघून मोजलेलं आहे. आत्यांची नऊ वर्षं अशीच गेलेली.

या नऊ वर्षांत त्या काय खात होत्या ते मी नीट बघितलंच नव्हतं असं आता म्हणावं लागतं. भाकरी आमटीत चुरून. भात. वरण. शेंगाचटणीचा एक कण जरी खालच्या कवळीखाली गेला तरी खडा टोचल्यासारखा टोचतो, म्हणून सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद. कडक भाकरीचं नावच नको. दीड वर्षात वजन सहा किलो उतरलं तेव्हा आम्ही ते शुगरच्या नावावर टाकलं.

जानेवारी २०२४. गड्डा यात्रा झाली आणि पुढच्या रविवारी नणंदेच्या शेतात मोहोळकडं हुरड्याला गेलो. सगळे आगटीभोवती बसलेले, गरम कणसं चोळून ताटात पडतायत, दही, गूळ, शेंगाचटणी. आत्यांनी हळूच तोंड फिरवून खालची कवळी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि हिरड्यांनी हुरडा दाबून बघायला लागल्या. चार दाणे खाल्ले असतील. मग नुसतं दही. कुणी विचारलं तर "मला भूक न्हाई गं". परत येताना गाडीत म्हणाल्या, "हुरडा खाऊन लई वर्षं झाली." एवढंच. मी त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडं जायचं ठरवलं.

पहिल्या ठिकाणी एक मोठा एक्सरे काढला आणि पंधरा मिनिटांत कागदावर हिशोब मांडून दिला: वर सहा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, खाली चार, त्यावर फिक्स दात, ४ लाख ८० हजार. ईएमआय होईल, आणि आज ऍडव्हान्स भरला तर तीस हजार कमी. आत्यांच्या तोंडात बघितलं असेल पाच मिनिटं. शुगर आहे का विचारलं, आम्ही गोळी चालू आहे म्हणालो, ठीक म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तीन दिवसांत पक्के दात. इम्प्लांट बसवून लगेच दात लावणं हा प्रकार खोटा नाही, योग्य पेशंटमध्ये, हाड घट्ट असेल तर करतात, पण पेशंट योग्य आहे की नाही हे बघायच्या आधीच तीन दिवस कबूल करणं मला पटलं नाही. मिस्टर मात्र पहिल्या हिशोबावर जवळजवळ तयार झाले होते, एफडी मोडू म्हणाले, आईसाठी नाही करायचं तर कुणासाठी. मीही अडवणार नव्हते. आत्याच म्हणाल्या, "वरची कवळी माझी चांगली हाय की, ती कशाला काढायलाव?"

या वाक्यावर आम्ही दोघं थांबलो. वरचा त्रास नव्हताच! वरच्यासाठी अडीच लाखाच्या वर खर्च सांगितला होता आणि तो आम्ही मुकाट्यानं ऐकून घेतला होता.

तिसऱ्या मॅडम कवळी आणि इम्प्लांटवरच्या दातांच्या स्पेशालिस्ट, एमडीएस. त्यांनी पहिला प्रश्न आत्यांना विचारला, आम्हाला नाही: काय खावंसं वाटतं? आत्या म्हणाल्या भाकरी आणि शेंगाचटणी, बाकी काई नको. मग म्हणाल्या, घरात जेवढ्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून उद्या आणा. चिठ्ठी नको, गोळ्याच आणा.

त्या पिशवीत रविवारची गोळी होती. २०२१ च्या पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरून मनगट मोडलं होतं, हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून आठवड्यातून एक ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम चालू केली होती, रविवारी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही गोळी मी रोज लोकांना देते. आत्यांनाही मीच देत होते, अडीच वर्षं. आणि पहिल्या दोन्ही ठिकाणी कुठल्या गोळ्या चालू आहेत असं कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही, कारण दातांशी तिचा काय संबंध असं डोक्यात.

संबंध असा. आपलं हाड सतत थोडं थोडं मोडत असतं आणि नवीन बनत असतं. ही गोळी मोडणाऱ्या पेशींना आवरते, त्यामुळं हाड टिकतं. पण जबड्यात दात काढला किंवा स्क्रूसाठी भोक पाडलं की जखम भरायला तेच मोडणं-बनणं लागतं. ते मंदावलं असेल तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि मरतं, महिनोन् महिने भरत नाही. तोंडानं घ्यायच्या गोळीत हा धोका खूप कमी, पण शून्य नाही, गोळी चार वर्षांच्या वर झाली असेल किंवा जोडीला स्टिरॉइड चालू असेल तर वाढतो. आणि कॅन्सरमध्ये झोलेड्रोनिक ॲसिडची इंजेक्शनं देतात त्यात तर धोका कितीतरी पट जास्त, अशा पेशंटमध्ये इम्प्लांट बहुतेक टाळतातच. मॅडमनी हाडांच्या डॉक्टरांना पत्र दिलं. त्यांचं उत्तर आलं: अडीच वर्षं झालीत, स्टिरॉइड नाही, करायला हरकत नाही, जखम भरेपर्यंत गोळी थांबवू, पुन्हा कधी चालू करायची ते मी सांगेन. हे त्यांनी ठरवलं, आम्ही नाही. काउंटरवर मी आता ही गोळी देताना प्रत्येकाला सांगते, दातांकडं गेलात तर हे पाकीट दाखवा, पण मनानं बंद करू नका, मांडीचं हाड मोडलं तर ते दातापेक्षा कितीतरी महागात पडतं.

मग थ्रीडी स्कॅन, सीबीसीटी म्हणतात तो. साध्या एक्सरेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. स्क्रीनवर आत्यांचा जबडा फिरवून दाखवला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मागं दाढांच्या जागी नसेच्या वर जेमतेम ६ मिलिमीटर हाड. ती नस खालच्या जबड्याच्या आतून जाते आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडून ओठाला, हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते, तिला धक्का लागला तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो, म्हणून स्क्रूचं टोक आणि नस यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. ६ मधून २ गेले, उरले ४, त्यात काय बसवणार. पण पुढं, हनुवटीच्या भागात, दोन्ही नसांच्या मधे, हाड १४ मिलिमीटर उंच आणि घट्ट. तिथं सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी बसणारी काढघाल कवळी, असा मॅडमनी मार्ग सांगितला.

मिस्टरांना हे कमीपणाचं वाटलं. फिक्स नाही म्हणजे स्वस्तातलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ज्यांचे खालचे सगळे दात गेलेत त्यांना निदान दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय द्यावा असं जगातल्या तज्ज्ञांनी २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात बसून ठरवलं आणि २००९ साली इंग्लंडमध्ये यॉर्कला तेच पुन्हा म्हटलं गेलं. आणि दुसरं, आत्यांच्या हाताला मनगट मोडल्यापासून जोर कमी, फिक्स दातांच्या खालून रोज बारीक ब्रश फिरवणं त्यांना जमणार आहे का? काढघाल कवळी बेसिनजवळ काढून धुता येते. मला हे बोलणं शंभर टक्के पटलं. खर्च: इम्प्लांट २८ हजाराला एक असे दोन, बटणं ९ हजाराला एक अशी दोन, वरची-खालची नवीन कवळी २२ हजार, स्कॅन ३ हजार. ९९ हजार. मेडिक्लेमनं नाही म्हणून सांगितलं, आमच्या पॉलिसीत ॲक्सिडेंट सोडून दातांचं काही बसत नाही.

पण लगेच नाही. एचबीएवनसी आली ८.६. हा आकडा साधारण तीन महिन्यांची शुगर सांगतो, त्यामुळं चार दिवस साखर बंद करून फसवता येत नाही. शुगर वाढलेली असली की जखम सावकाश भरते आणि इन्फेक्शन लवकर होतं. मॅडम म्हणाल्या साडेसातच्या खाली आणा, मग बघू. आणि मिसरी बंद.

शुगर आली खाली, मे महिन्यात ७.३. मिसरीचं मात्र अवघड गेलं आणि त्याबद्दल आत्यांना कुणी बोललेलं मला खपत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय, सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी पक्की समजूत, आणि विड्यांच्या कामात तंबाखूचा वास हाच घराचा वास. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला रक्त कमी मिळतं, म्हणून तंबाखूवाल्यांमध्ये इम्प्लांट फेल जायचं प्रमाण जास्त. हे मी समजावलं. उपयोग झाला तो १८००-११-२३५६ या सरकारी नंबरचा, तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो, फुकट आहे, तिथल्या बाईंनी आत्यांशी नीट बोलून किती वाजता तलफ येते त्या वेळी काय करायचं ते ठरवून दिलं. बडीशेप आणि ओवा भाजून डबीत. दहापैकी आठ दिवस जमायचं.

जून २०२४ मध्ये ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे भूल इंजेक्शन देऊन खुर्चीतच, सव्वा तास. मी आत होते. ड्रिलवर सतत थंड सलाइन सोडत होते आणि मधेमधे थांबत होते. नंतर विचारलं तर म्हणाले हाड ४७ डिग्रीला मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात आमचा पारा ४२-४३ ला जातो, त्याच्या जरासंच पुढं. दोन्ही स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर लांब. उजवा घट्ट बसला, ३५ च्या टॉर्कला, म्हणजे स्क्रू पिळताना लागलेल्या जोराला. डावा २० लाच. म्हणून वर झाकण लावून हिरडी शिवून टाकली आणि तीन महिने थांबायचं ठरलं.

थांबायचं कशासाठी हे आत्यांना समजावताना मी स्वीडनची गोष्ट सांगितली. ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते, काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला धरून बसलेलं. गोंद नाही, सिमेंट नाही, हाडच धातूला भिडून वाढतं. १९६५ ला त्यांनी पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि तो माणूस २००६ ला वारला तोपर्यंत ते चालले. आत्या म्हणाल्या, "म्हंजे कलम बांधल्यागत." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. कलम हलवलं तर धरत नाही, स्क्रूचंही तसंच, सुरुवातीच्या आठवड्यांत हालचाल झाली की हाडाऐवजी मऊ पेशी भरतात.

आणि नेमकं तिथंच चुकलं. दोन आठवडे खालची कवळी घालायची नाही असं सांगितलेलं, नंतरही आतून कोरून मऊ अस्तर लावूनच घालायची. सहाव्या दिवशी अक्कलकोटला भाच्याचा साखरपुडा. आत्या तोंड पोचट दिसतं म्हणून जुनी कवळी तशीच घालून गेल्या, दिवसभर. मी दुकानात होते. रात्री डाव्या बाजूला सूज. आणि त्याच आठवड्यात दोनदा मिसरी लावली हे त्यांनी मला पुढं महिन्यानं सांगितलं, रडत. सूज उतरली, टाके निघाले, वरून सगळं ठीक दिसत होतं.

सप्टेंबरमध्ये हिरडी उघडली. उजवा पक्का. डाव्यावर वरची टोपी फिरवायला गेले तर टोपीबरोबर स्क्रूच फिरला आणि आत्या कळवळल्या. दोन मिनिटांत तो हातानं निघून आला. मॅडमनी ट्रेमध्ये ठेवून आम्हाला दाखवला, गुळगुळीत, त्याला हाडाचा कण लागलेला नाही. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव होईल. त्यांनी सरळ सांगितलं: फेल गेला, टॉर्क पहिल्यापासून कमी होता, कवळीचा दाब पडला असेल, तंबाखू, शुगर, यातलं नक्की कुठलं हे मी सांगू शकत नाही, बहुतेक सगळ्याचं मिळून. नवीन इम्प्लांटचे पैसे घेणार नाही, पण जागा भरायला अडीच-तीन महिने द्यावे लागतील. पहिल्या ठिकाणी आम्ही दहा स्क्रूंना हो म्हणून जवळपास पाच लाख दिले असते, रविवारची गोळी न सांगता, ८.६ शुगरवर, तर काय झालं असतं हा विचार त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. आत्यांचं म्हणणं आता राहू दे, उगं तुमचा पैसा. मिस्टर त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "आई, एक तर धरलाय की." त्या दिवसापासून मिसरीची डबी घरातून गेली ती गेली, हे त्यांनी स्वतः केलं.

डिसेंबरमध्ये डावा पुन्हा बसवला, जुन्या जागेपासून जरा मधल्या बाजूला, या वेळी ४ मिलिमीटर जाड, टॉर्क ३५. या वेळी खालची कवळी मी कपाटात कुलपात ठेवली, तीन आठवडे, आणि मधे आलेल्या दोन लग्नांना आत्या पदर तोंडाशी धरून गेल्या. मार्च २०२५ ला उघडलं तेव्हा मॅडमनी हत्यारानं दोन्हीवर टकटक केली, दोन्हीकडून एकसारखा, भांड्यासारखा कणखर आवाज. एप्रिलमध्ये नवीन कवळ्या आल्या. खालच्या कवळीत आतून दोन नायलॉनच्या चकत्या, त्या स्क्रूवरच्या बटणांवर दाबल्या की टक् करून बसतात. पहिल्या दिवशी आत्यांनी ती वीस-एक वेळा काढून घालून बघितली.

इम्प्लांटवाली कवळी म्हणजे परत स्वतःचे दात, अशी आशा कुणी लावून बसू नये. मागं दाढांकडं ती अजूनही हिरडीवरच टेकते, त्यामुळं कडेला थोडी दबते आणि पहिल्या महिन्यात दोन ठिकाणी घासून घ्यावी लागली. शेंगाचा कण अजूनही कधीतरी आत जातो. पण कवळी उडत नाही, बोलताना हलत नाही, आणि कण गेला तर आत्या बेसिनपाशी जाऊन काढतात, धुतात, टक्, परत ताटावर. भाकरी मोडून, आमटीत न चुरता, शेंगाचटणी आणि कांद्याबरोबर त्यांनी खाल्ली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. कडक भाकरी जूनमध्ये, छोटे तुकडे करून, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं असं शिकवल्यावर. वजन चार किलो वाढलंय.

रोजचं काम ठरलेलं आहे. रात्री कवळी पाण्यात, बटणांच्या भोवती मऊ ब्रश, कारण स्क्रू किडत नाही पण त्याच्या भोवतीची हिरडी पायरियासारखीच सुजते आणि हाड खाते, आणि आत्यांचे दात पायरियानंच गेलेले. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. नायलॉनच्या चकत्या झिजतात, आमच्या वर्षभरात सैल झाल्या, मागच्याच महिन्यात बदलल्या, दहा मिनिटांचं काम. रविवारची गोळी हाडांच्या डॉक्टरांनी पुन्हा चालू केलीय आणि ते दातांच्या मॅडमनाही कळवलंय. दोन्ही इम्प्लांटची कंपनी, साइझ आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मी आत्यांच्या गोळ्यांच्या डब्यातच चिकटवलंय, म्हणजे पुढं कधी दुसऱ्या गावात दाखवायची वेळ आली तर कुठला स्क्रू आणि कुठली चकती हे शोधत बसायला नको.